तास संपलेला नाही

आमच्या समोरच्या घरात राहणारे मास्साब सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत, आणि बाथरूमला जायचं झालं की ते करंगळी वर करून माझ्या मुलीची परवानगी मागतात. ती "अभी नहीं, बैठो" म्हणाली की मुकाट खाली बसतात. आमच्या नया बाजार मोहल्ल्यात एखादा नवीन भाडेकरू आला की खिडकीतून हे बघतो आणि मला हळूच विचारतो, "भाभीजी, सामनेवाले बाबूजी की तबीयत तो ठीक है?" मी सांगते, तब्येत एकदम ठणठणीत, सध्या चौथीत आहेत.

मास्साब म्हणजे मास्टरसाहेब. आयुष्यभर सरकारी शाळेत गणित शिकवलं. मूलबाळ नाही, काकू जाऊन बरीच वर्षं झाली. भाजीवाल्यापासून डॉक्टरापर्यंत सगळी गल्ली त्यांना मास्साब म्हणते. काकू 'अहो' म्हणायच्या. मी या गल्लीत लग्न होऊन आले तेव्हापासून मीही मास्साबच म्हणत आले.

रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, ब्लडप्रेशर मोजत बसतात. यांनी नव्या शिक्षकांसाठी घरात खोटा वर्ग उघडला, तोही फुकट. त्याला ते ऐटीत 'सिम्युलेशन' म्हणतात. आमच्या ग्वाल्हेरवरून लढाऊ विमानं जातात, तेव्हा बोलणं थांबवावंच लागतं. आवाज विरला की मास्साब वर बोट दाखवून सांगतात, "सूनबाई, या पोराला आधी नकली विमानात बसवलं होतं. तिथे त्याने शंभरदा विमान पाडलं असेल, कोणी मेलं नाही. आणि आपल्याकडे मास्तरला पहिल्याच दिवशी खऱ्या चाळीस मुलांसकट वर सोडून देतात." मग डोळे मिचकावून म्हणतात, "काय पाडायचं ते इथे पाड."

या वर्गात विद्यार्थी तीन, आणि तिन्ही मास्साब. बैठकीत तीन आसनं मांडलेली असतात. मधल्या आसनावर बसले की ते बंटी, ज्याला दर पाच मिनिटांनी बाहेर जायचं असतं. डावीकडे सरकले की पिंकी, जी तक्रार करते. बंटीने पिंकीची वेणी ओढली असं दाखवायचं असेल तर मास्साब स्वतःचेच शिल्लक राहिलेले केस ओढतात, डावीकडे सरकून बारीक आवाजात "मैडम, ये देखो ना" म्हणून गळा काढतात, आणि पुन्हा मधे येऊन विद्येची शपथ घेतात की मी हातही लावला नाही. खिडकीजवळचं आसन मुन्नाचं. मुन्ना काहीच करत नाही. बाहेर बघत बसतो. नव्या मास्तरणी बंटी-पिंकीचं भांडण सोडवण्यात मुन्नाला साफ विसरतात, आणि मास्साब त्यांना नापास करतात ते बंटीपायी नव्हे, मुन्नापायी.

नियम एकच. दारात एक जुनी थाळी टांगलेली आहे. तिच्यावर उलथण्याने टोला पडेपर्यंत कोणीही सोंग सोडायचं नाही. मधे बोलायला गेलात की एकच उत्तर, "तास संपलेला नाही." एकदा ऐन तासात गॅसवाला आला. मास्साबांनी करंगळी वर केली. समोरच्या बिचाऱ्या मुलीला वाटलं हा बंटीचाच चावटपणा, तिने दटावून बसवलं. गॅसवाला हाका मारून सिलिंडर परत घेऊन गेला. पुढचे चार दिवस मास्साब आमच्याकडे जेवायला होते, आणि दर घासाला त्या मुलीचं कौतुक चाललं होतं, की काय धाक आहे पोरीचा.

थाळी वाजली की मात्र माणूस बदलायचा. "हं, झालं. जा आता," एवढं बोलून दार लावून घ्यायचे, चहासुद्धा विचारायचे नाहीत. मी बँकेत काउंटरवर बसते, माणसं ओळखायची मला सवय आहे. मला तो सरळसरळ तुसडेपणा वाटायचा.

हे सगळं मी लांबून हसत बघत होते, तोवर पाळी माझ्या घरावर आली. माझी मुलगी मुग्धा. बी.एड.ला चांगले मार्क, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. किला गेटजवळच्या एका शाळेत चौथीवर लागली आणि पहिल्याच दिवशी वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटेना. पोरांनी पाच मिनिटांत वर्गाचा मासळीबाजार केला. घरी आली ती चपलांसकट पलंगावर पडली. "आई, मला नाही जमणार, सच्ची. मी कल से जाणारच नाही." प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलं होतं, पुढच्या सोमवारी मी मागच्या बाकावर बसेन, त्यानंतर ठरवू. त्या 'ठरवू'चा अर्थ मला चांगला कळत होता. मला नोकरी जाण्याची एवढी भीती नव्हती. एकदा घाबरून घरी बसली की ही पोरगी पुन्हा उंबरा ओलांडायची नाही, याची होती.

मी तिला ओढतच समोर नेली. मास्साब लगेच उठले. आसनं मांडली आणि मधल्या आसनावर जाऊन बसले.

पहिल्या दिवशी मुग्धा रडली. रडणाऱ्या मॅडमवर बंटीने कागदी विमान सोडलं. माझा पारा चढला. दारातूनच म्हटलं, "मास्साब, पुरे आता. पोरगी रडून राहिली आहे." त्यांनी माझ्याकडे चौथीतल्या डोळ्यांनी पाहिलं. "आंटी, आप क्लास में कैसे आ गईं?" आणि मग स्वतःच्या आवाजात, अगदी हळू, "सूनबाई, तास संपलेला नाही."

दुसऱ्या दिवशी मलाच कामाला लावलं. बंटीची आई, जी मुलाला कमी मार्क का म्हणून भांडायला येते. मला तालीम लागली नाही. मी इतकी भांडले की पिंकी आणि मुन्ना दोघांनीही कानांवर हात ठेवले. मुग्धा एरवी घरात माझ्यापुढे ब्र काढत नाही, ती म्हणाली, "आप पहले बैठिए, फिर बात करेंगे." मी बसले. त्या रात्री मला शांत झोप लागली.

सोमवारी मी काउंटरवर होते, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी त्यांचं पासबुक सोडून माझा डबा दिला. दुपारी फोन आला. मुग्धा हसत होती की रडत होती, कळेना.

झालं होतं असं. मागच्या बाकावर प्रिन्सिपल मॅडम, फळ्यावर अपूर्णांक. तेवढ्यात मधल्या रांगेतल्या एका पोराने करंगळी वर केली. तो नुकताच जाऊन आला होता. आठवडाभराची सवय, मुग्धा फळ्याकडून न वळताच म्हणाली, "मास्साब, बैठ जाइए, अभी तो गए थे." आठ-नऊ वर्षांच्या पोराला मास्साब. वर्ग जो हसत सुटला, त्यात मॅडमही हसल्या, आणि शेवटी मुग्धाही. ती म्हणते, आई, हसता हसता भीतीच निघून गेली. ते पोरही ऐटीत खाली बसलं, त्याला एवढा मान कोणी दिला नसणार. मग तिने खिडकीकडे बघितलं. तिथे एक मुलगी बाहेर बघत बसली होती. पोळीचा पाव भाग अपूर्णांकात कसा लिहायचा, ते मुग्धाने तिला विचारलं आणि तिने बरोबर सांगितलं. जाताना मॅडम म्हणाल्या, "कल से टाइम पर आइएगा." मला इतकं हायसं वाटलं की मी रांगेसमोरच डोळे पुसले.

संध्याकाळी बाड्यावरच्या बाजारातून पेढे घेऊन आम्ही दोघी समोर गेलो. दार उघडंच होतं. तीन आसनं मांडलेली, आणि मास्साब मुन्नाच्या आसनावर, खिडकीबाहेर बघत. कोणी शिकायला येणार नव्हतं. आम्हाला बघून ते गडबडले. "अरे, तुम्ही? झालं ना काम? मग आता कशाला आलात? इथून गेलेलं कोणी परत येत नाही. बरोबरच आहे, पोहता आल्यावर पाठीला डबा बांधून कोण हिंडतं."

तेव्हा मला त्यांचं ते धाडकन दार लावणं कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

मुग्धा पुढे झाली. पेढे माझ्या हातात दिले, ताठ उभी राहिली आणि हजेरी घ्यायला लागली. "बंटी?" मास्साब सवयीने सरकले, "उपस्थित, मैडम." "पिंकी?" "उपस्थित, मैडम." "मुन्ना?" मास्साबांनी नुसता हात वर केला.

मग तिने दारावरच्या पुसट पाटीकडे एकवार पाहिलं. "रघुनाथ मोघे?"

  मास्साब इकडेतिकडे बघायला लागले, जणू तो मुलगा कुठे बसला आहे ते शोधत होते. मग गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उभे राहिले. "आहे," म्हणाले. एवढंच, आणि मराठीत.

मुग्धाने त्यांना बसायला सांगितलं, पेढा दिला, आणि वर्गाला शाबासकी दिली आणि थाळी वाजवायला उलथणं उचललं. मास्साबांनी करंगळी नव्हे, अख्खा हात वर केला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "तास संपलेला नाही."