मोहिनीच्या पिशव्या आणि माझा पंप

आधीच सांगून ठेवतो, आमच्या अख्ख्या प्रकाशा गावात माझ्यासारखी फवारणी करणारा दुसरा माणूस नाही! कपाशी असो नाहीतर केळी, पान बघून मी रोग ओळखतो. माझा रोग मात्र डॉक्टरांनी ओळखला. वजन सत्त्याण्णव किलो, साखर अगदी काठावर!

माझे वडील साखरेनंच गेले. त्यामुळे माझी बायको मोहिनी दोन दिवस धड जेवली नाही. डॉक्टर म्हणाले होते, "तेल-तूप कमी करा, पायी चाला. मशरूम खा, पोट भरतं आणि चरबी नसते." झालं! तिनं प्रशिक्षण घेतलं, गव्हाचा भुसा उकळला, मशरूमच्या बियाण्यासह वीस पिशव्यांत भरला आणि पिशव्या मागच्या खोलीत टांगल्या. आठवड्याभरानं ती भावाच्या लग्नाला सारंगखेड्याला गेली. जाताना बजावलं, "खाले जमिनवर पानी शिंपडज्यात. आखो काहीच करू नका!"

काहीच न करणं मला जमतं होय! चौथ्या दिवशी बघतो तर पिशव्या पांढऱ्याफटक! मागून आई डोकावली.

"माय वं! बठ्ठास्ले बुरशी लागनी!"

बिचारीची मेहनत! फोन करून लग्नात तिच्या जीवाला घोर कशाला? पंप पाठीवर घेतला, भारीतलं बुरशीनाशक कालवलं आणि पिशवीच्या भोकाभोकात फवारलं. दोनदा!

मोहिनी आली तसा मी छाती काढून म्हणालो, "तुन्ह्या पिशव्या वाचाडी लिन्या!"

वास येताच ती मागच्या खोलीत धावली. "अहो, ती बुरशीच तं मशरूम शे!"

"मंग सांगानं व्हतं ना!"

"काहीच करू नका, आसं सांगं व्हतं ना!" तिचे डोळे भरून आले. "मामाजी साखरमुळेच गयात. आते तुमले काही व्हयनं तं..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीसच्या वीस पिशव्या खांद्यावरून शेतात नेऊन पुरल्या. नवा भुसा वाहणं, उकळणं, भरणं, सगळं माझ्याच माथी. त्या पिशव्या मी जास्त पाणी मारून नासवल्या! पुन्हा खड्डा, पुन्हा भुसा. आणि एवढं करून भाकरीवर तूप मागायला तोंड कुठे होतं?

दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे काट्यावर उभा राहिलो. ब्याण्णव! साखरही उतरलेली. मोहिनीनं डोळ्यांना पदर लावला, रडता रडता हसली.

डॉक्टर खूश! "बघा मशरूमचा गुण! रोज किती खाता?"

मी पंख्याकडे बघायला लागलो. मोहिनी हळूच म्हणाली, "साहेब, आजून उगनंच नही!"