अर्नाळ्याचं उत्तर

आमच्या खालच्या मजल्यावरचे इनासकाका भांडताना उभे राहतात. त्यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण काका भांडतात इंटरनेटवर. खुर्ची मागे ढकललेली आणि हे वाकून, एका बोटाने, खिळे ठोकल्यासारखे टाइप करताहेत.

"बसा हो काका."

"बसून भांडायची पद्धत नाय आमच्यात!"

कॉम्प्युटर आमचा. मी तो मुलीच्या अभ्यासासाठी घेतला आणि तेव्हापासून तो तिला मिळालेला नाही. इंटरनेट फोनच्याच तारेवर, त्यामुळे संध्याकाळी काका आले की आमचा फोन एंगेज. मी मुद्दाम टाळतो, असं मेहुण्याला वाटतं. टाळायचं असतंच मला, पण स्वतःहून तेवढी हिंमत झाली नसती.

काका मूळचे पाचूबंदरचे, किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळीवाड्यातले. जहाजावर फिटर होते. मुलगा आखातात. मार्सेलाकाकू गेल्या, आणि त्यानंतर काकांनी इंटरनेटवर पाचूबंदरच्या लग्नाच्या गाण्यांची कम्युनिटी काढली, म्हणजे सभासदांनी गाणी लिहायचं एक पान. इंग्रजी अक्षरांत मराठी, तीही सगळी कॅपिटल. "बारक्या अक्षरात बोललेलं ऐकतो कोन?"

मग अर्नाळ्याच्या रेजिना टीचरनी अर्नाळ्याच्या गाण्यांची कम्युनिटी काढली आणि काका पेटले. "चोर! चाल आमची, शब्द फिरवले!"

टीचरनी उलट टाकलं, "तुमची गाणी अर्धवट आहेत काका. आधी ती पुरी करा."

अर्धवट! त्या दिवशी आमच्या कीबोर्डचं एक बटण निखळलं. इकडचे सभासद तिकडे जाऊन शिव्या घालू लागले, तिकडचे इकडे. गाणी कोणी वाचेना. मी एकदा धीर करून म्हणालो, "काका, दोघं मिळून करा ना."

"सावंत, तू कोकनातला. मधी पडू नको!"

मी पडलो नाही. माझा स्वभावच तसा आहे. पडली माझी बायको. एका संध्याकाळी पोळ्या टाकून, हाताला पीठ तशीच ती तरातरा आली. "सरका दोघं! बघू तरी काय चोरलंय ते." तिने दोन्ही पानं शेजारी-शेजारी उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

पाचूबंदर: 'नवरी तुमची भात करपवी, करपलेला खानार कोन?'

अर्नाळा: 'नवरा तुमचा ताट चाटील, वरती गोड म्हनेल तो.'

"अहो काका, चोरी कसली? हा नवऱ्याकडच्या बायकांचा टोमणा आणि हे नवरीकडच्यांचं उत्तर! तुमच्या बायकांनी आपलं तेवढं सांगितलं, त्यांनी त्यांचं."

"मंग? समोरच्यांचं कोन पाठ करतं?" काका गुरकावले. पण नजर पडद्यावरून हलेना. मग त्यांनी खाडखाड टाइप केलं: फोन नंबर द्या.

नंबर आला. इंटरनेट तोडून त्यांनी फोन लावला. "टीचर, चाल म्हनून दाखवा!" टीचर तिकडून गायल्या. काका रिसीव्हर कानाला दाबून ऐकत राहिले. मग एकदम ओरडले, "उद्यापासून एकच पान! वरती आमचा सवाल, खाली तुमचं उत्तर!" पलीकडून काहीतरी आलं. "बरं, खाली नको! बाजूला घ्या!"

फोन आपटून ते आमच्यावर फिरले. "आमच्या लग्नात हाच सवाल टाकलेला आमच्या बायकांनी. मार्सेला अर्नाळ्याची. तिच्याकडच्या उत्तर द्यायला लागल्या अन् त्या मेल्या बँडवाल्याने नेमका तवाच बँड सुरू केला! शब्द ऐकू आला नाय. किती विचारलं तिला. नुसती हसायची. जाईपर्यंत सांगितलं नाय बाईनं!"

बायकोचा आवाज खाली आला. "काकू भात करपवायच्या का हो?"

"रोज! डोकं फिरायचं माझं. पन सगला खाल्ला, वैनी. एक शीत टाकलं नाय."

काका पडद्यावरची अर्नाळ्याची ती ओळ पुन्हा वाचू लागले, ओठ हलवत.

"गोड मात्र कदी बोललो नाय."