दामूशेठचं रोजचं वाक्य

आमच्या शेजारचे दामूशेठ पाटील एकदा सकाळपासून दुपारी तीनपर्यंत उपाशी राहिले, कारण त्या दिवशीचा इंग्रजी शब्द ‘रॅव्हेनस’ होता. म्हणजे भुकेने व्याकूळ. दामूशेठ रोज एक अवघड इंग्रजी शब्द शिकतात आणि सूर्य मावळायच्या आत तो कुणाशी तरी बोलताना वापरतात. अट एकच, वाक्य खरं पाहिजे. तीन वाजता त्यांनी माझी बेल वाजवली, “ताई, आय ॲम रॅव्हेनस,” एवढं जाहीर केलं आणि जेवायला पळाले. त्यांच्या घरातून बायकोचा, हिराबाईंचा आवाज आला, “सकालपासून भाकरी झाकून ठेवलीय, ती काय इंग्रजीत होती?”

दामूशेठ मूळचे पनवेलजवळच्या नेरे गावचे. तिथल्या जमिनीच्या व्यवहारात वकील तासभर इंग्रजीत बोलला आणि हे तासभर मान डोलावत राहिले. “न समजता मान हलवली, ताई. नंदीबैल पन मालकाचं ऐकून हलवतो.” पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर त्यांनी पहिली खरेदी केली ती डिक्शनरीची.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. जड शब्द फेकणारी माणसं तिथे पुष्कळ पाहिली आणि त्यांच्यापासून लांब राहायला शिकले. पण ती माणसं शब्दाला राबवून घेतात. दामूशेठ शब्दासाठी स्वतः राबतात. ‘मॅग्नॅनिमस’, म्हणजे उदार, आला त्या दिवशी त्यांनी आपली पार्किंगची सावलीतली जागा वरच्या मजल्यावरच्या जोशांना देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत मागितली. जोशी चिडले. दामूशेठ शांतपणे म्हणाले, “तो शब्द कालचा होता.”

गेल्या वर्षी हिराबाईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलणं बंद. दामूशेठ सकाळ-संध्याकाळ खेपा घालत. लिफ्टपाशी भेटले तेव्हा मी सवयीने विचारलं, “आजचा शब्द?”

“कॉन्व्हॅलेसंट. दुखन्यातून बरं होत असलेलं मानूस.”

दुसऱ्या दिवशीही तोच शब्द. तिसऱ्या दिवशीही तोच. पाचव्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. “शेठ, बोलून टाका ते वाक्य आणि पुढच्या शब्दाकडे वळा. कोण तपासायला येतंय?”

त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. “डॉक्टर बोलतो, अजून सांगता येत नाय. मग मी कसं सांगू? तिच्याबाबतीत खोटं बोललो अन् काय वाईट झालं तर?”

त्यानंतर मी त्यांना शब्द विचारणं सोडून दिलं.

नवव्या दिवशी दुपारी रिक्षा आली. हिराबाई दामूशेठच्या खांद्याला धरून, एक अक्षर न बोलता, घरात गेल्या. मी वाक्याची वाट पाहत दारातच थांबले. अर्ध्या तासाने दामूशेठ बाहेर आले.

“ताई, मऊ भात कसा लावतात?”

“मी करून पाठवते ना.”

“नको. मीच करनार. चाळीस वर्सं नुस्ता खाल्ला, करताना कदी बघितलंच नाय. तुमी फक्त बाजूला उभ्या राहा.”

मी उभी राहिले. त्यांनी पातेलं शोधायला चार कपाटं उघडली, तांदूळ सात वेळा धुतले आणि गॅस इतका मोठा ठेवला की मी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. थोड्याच वेळात स्वयंपाकघरात वास सुटला.

आतल्या खोलीतून एक बारीक, चिरका आवाज आला. “अवो, गॅस बारीक करा! करपला भात!”

मी गॅसकडे धावले. दामूशेठ जागचे हलले नाहीत. हातात पळी, डोळ्यांतून पाणी.

“करपू दे, ताई,” ते म्हणाले. “बोलतेय ती.”