पुडीवरचा निकाल

किराणा घेऊन निघालेल्या गिऱ्हाइकाच्या मागे धावत जाऊन पुडीचा कागद परत मागणारा दुकानदार मी फक्त आमच्या किन्हीराजा गावात पाहिला.

"सर, जिरं घरी काढून घ्या, पन कागद द्या. त्या सुऱ्यावाल्याले काय सजा झाली, ते मागच्या बाजूनं हाय!"

हे आमचे शेजारी दादाराव. माल बांधायला ते मुंबईच्या जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी आणतात आणि पुड्या बांधता बांधता वाचतात. वाचतात फक्त खून. निवडणुका, क्रिकेट असल्या किरकोळ मजकुरात ते हळद बांधतात. मुंबई त्यांनी जन्मात पाहिलेली नाही, पण गिरगावात कोणी कोणाला कशापायी मारलं आणि न्यायाधीशानं काय दिलं, हे तोंडपाठ. शिक्षा पसंत पडली नाही की "जन्मठेपीतच भागवलं न बावा!" म्हणून असे चिडतात, की साखर कमी तोलली जाते.

मुंबईला निघालेला माणूस शक्यतो त्यांच्या दुकानापुढून जात नाही. चुकून भायखळा म्हणालाच, तर "अरे बापा! तिथं तं..." सुरू झालंच.

म्हणून त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, रेखाला पाहायला मुंबईचे पाहुणे आले, तेव्हा काकूंनी नवऱ्याला सकाळीच बजावलं, "आज खुनाचं नाव काढसान, तं उद्या तुमचीच बातमी छापून येईन!"

मुलाचे वडील चहा पिता पिता म्हणाले, "आम्ही परळला राहतो." काकू जागच्या जागी थांबल्या. दादारावांनी तोंड उघडलं, मिटलं आणि "चिवडा घ्या न," एवढंच म्हणाले. मुलगा-मुलगी एकमेकांना आवडली होती. सगळं जमलं.

पाहुण्यांची गाडी वळते न वळते तोच दादाराव माझ्या दारात.

"सर, परवाची शेंगदान्याची पुडी हाय का? परळचा खून हाय तिच्यावर. खुनी फरार होता. सापडला का नाही, ते तुमच्या अर्ध्या कागदात गेलं."

ती पुडी केव्हाच पाणी तापवायच्या चुलीत गेली होती.

"दादाराव, किती जुना कागद तो! खुनी आता काठी टेकत असेल."

"काठीनं बी मारते मानूस."

मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. "आजवर मजा म्हनून वाचलं, सर. आता मायी पोरगी तिकडं राहीन. इथं कडी न लावता झोपते ते. होकार तं देऊन बसलो, पन छाती धडधडून राह्यली."

मला गलबलून आलं. "वाचला मी तो कागद," मी ठोकून दिलं. "सापडला तो. तुरुंगातच मेला."

"खरंच?"

"खरंच."

दादाराव ओट्यावर बसले आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले.

"मंग पाठवतो तिले," ते म्हणाले.