चैतराम पाणकराने केलेला तपास

"चोवीस तास द्या! गुन्हेगाराला कान धरून या ओट्यावर आणून उभा नाही केला, तर पाणकरकी सोडतो!"

बुधवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चैतराम असं गरजला. ओट्याखालची कोंबडीसुद्धा दोन पावलं मागे सरली!

आता पाणकरकी सोडतो म्हणजे काय, तर आजोबांपासून चालत आलेला मान सोडतो. सडक अर्जुनीजवळच्या या गावाला पूर्वजांनी बांधलेला तलाव आहे, आणि त्याचं पाणी कुणाच्या धानाला कधी, किती, हे यादीप्रमाणे सांभाळतो तो पाणकर. त्याने हो म्हटल्याशिवाय बेडकानेही उडी मारू नये, असा दरारा. चैतरामचे वडील मनीराम गेले तेव्हा घरात तीन गोष्टी उरल्या : एक कोट, एक छत्री आणि हा मान. कोट उंदरांनी खाल्ला, छत्री हरवली.

तर गुन्हा असा.

तलावाचं पाणी सोडायचं जे दगडी दार, त्याला इकडे तुडूम म्हणतात. या तुडुमाला दोन भोकं. वरच्याचं पाणी जवळच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, खालच्याचं थेट गावाच्या शेवटच्या टोकाला. दोन्हींना आपापलं लाकडी बूच. बुधवारी पहाटे काय दिसलं? खालचं भोक सताड उघडं! त्याचं बूच वरच्या भोकात ठोकलेलं! आणि वरच्याचं बूच? गायब! तलाव हातभर उतरला होता, आणि पाणीवाटप समितीचे अध्यक्ष उदाराम यांच्या खालच्या पाटालगतच्या वांग्याच्या वाडीत बेडूक पोहत होते.

"पाणकर झोपला होता का?" उदारामने विचारलं.

"झोपला? मी?" चैतराम म्हणाला. "डॉक्टर दमयंती राजे झोपतात का कधी?"

कुणालाच काही कळलं नाही. ते स्वाभाविक होतं. डॉक्टर दमयंती राजे ही एका कादंबरीमालेतली प्रेतं तपासणारी बाई. आतापर्यंत सत्तावीस भाग. दर भागात एक मढं, आणि मढ्याच्या नखातल्या मातीवरून बाई खुन्याचं गाव, जात, रक्तगट आणि मागच्या जन्मीचा धंदा सांगणार! चैतराम गोंदियाच्या वाचनालयातून एकेक भाग आणायचा आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून वाचायचा. सव्वीस संपले होते. सत्ताविसावा चालू होता. पान दोनशे बारा.

"पुस्तकातली बाई इथं काय करून राहिली गा?" उदाराम म्हणाला.

"शास्त्र, काका, शास्त्र! गुन्हेगार काही ना काही मागे ठेवतोच."

*

घटनास्थळ : तुडूम.
तपास अधिकारी : चैतराम.
मदतनीस : भूपेंद्र. (मंगळवारी दुपारपर्यंत पाण्याची पाळी त्याचीच होती, म्हणून तो संशयितसुद्धा. मदतनीस स्वस्तात मिळाला.)
पुरावा एक : चिखलात उमटलेलं उजवं पाऊल. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब.
पुरावा दोन : गोंदिया ते सडक अर्जुनी एसटीचं तिकीट. ओलं.
हत्यार : बूच. फरार.

*

गणपती करणाऱ्याकडे उरलेलं प्लास्टर चैतरामने मागून आणलं आणि पावलाचा साचा घेतला. तो असा हुबेहूब आला की भूपेंद्रने नकळत नमस्कार केला.

"आता सगळ्या गावाचे पाय पाहायचे," चैतराम म्हणाला.

"सगळ्यांचे? कायले येतील जी लोकं?"

"निरोप तर दे."

भूपेंद्रने निरोप दिला : उद्या सकाळी तलावावर पायाचं माप घेणार. बस्स. एवढंच. पण निरोप गावात शिरला की त्याला पाय फुटतात. पहिल्या गल्लीत कळलं, पायाचं माप घेऊन गमबूट देणार. दुसऱ्या गल्लीत कळलं, सरकार देणार. तिसऱ्या गल्लीपर्यंत गमबुटासोबत रेनकोटही आला होता!

गुरुवारी सकाळी पाळीवर साठ माणसं रांगेत! जमुनाबाई तर नवं लुगडं नेसून, आधार कार्ड घेऊन हजर.

"मावशी, कार्ड कायले?"

"नसलं की परत पाठवता ना तुमी. आता बूट द्या गुपचूप."

"बूट नाही मावशी, तपास आहे. पाय ठेवा चिखलात."

"दोन्ही ठेवू का? जोडीच भेटते ना?"

चैतराम एकेका पावलाजवळ साचा धरून बसला. भेगाळलेली पावलं, पसरट पावलं, काटा मोडलेली पावलं. एकही जुळेना! उदारामचं पाऊल तर त्याने तीनदा पाहिलं. मनात फार इच्छा होती, पण अंगठाच लांब निघाला.

"झाले चोवीस तास," उदाराम घड्याळ पाहत म्हणाला. "आता पाणकरकीचं बोल."

कोटाचं चैतरामला दुःख नव्हतं, छत्रीचंही नव्हतं. पण हा मान गेला तर आजोबांच्या फोटोला हार घालताना त्यांच्याकडे पाहायचं कसं?

तेवढ्यात भूपेंद्र म्हणाला, "काका, एक पाय राहिला ना."

"कुणाचा?"

"तुमचा."

रांग हसली. चैतरामही हसला. शास्त्र सर्वांना सारखं, म्हणून त्याने मोठ्या ऐटीत चप्पल काढली आणि पाय चिखलात दाबला. भूपेंद्रने साचा त्यावर ठेवला.

डब्यावर झाकण बसावं तसा बसला!

एक बगळा तेवढा उडाला.

"पाहा!" चैतराम ओरडला. "गुन्हेगार किती हुशार आहे पाहा! नेमका माझ्यासारखा पाय असलेला माणूस निवडला त्याने!"

"आन् तिकीट?" उदारामने विचारलं. "गोंदियाला एसटीनं कोण जाते पुस्तकं आणाले?"

"तेही माझ्यासारखंच... तो माझ्या पाळतीवर..."

गर्दीतून चैतरामची बायको चमेली पुढे आली. पदराखालून तिने एक वस्तू काढली आणि साच्याशेजारी ठेवली. लाकडी बूच.

"मंगळवारी तुमच्या पिशवीत होतं," ती म्हणाली. "पुस्तकात घालून आणलं होतं तुमी."

मग चैतरामला आठवलं. सगळं, एकदम! मंगळवार, दुपार, सुटलेला वारा. पान दोनशे बारा फडफडत होतं, म्हणून भूपेंद्रच्या पाळीसाठी काढलेलं वरच्या भोकाचं बूच त्याने पानावर वजन म्हणून ठेवलं होतं. बाई नुकत्याच मढ्याच्या कानात डोकावत होत्या. भूपेंद्रची पाळी संपल्याचा गजर वाजला. एक डोळा पुस्तकावर ठेवून तो उठला, हाताने बूच शोधलं, हाताला खालचं लागलं, ते उपटलं, वर ठोकलं. आणि बाई कानातून काय काढतात ते वाचत वाचत घरी गेला. शास्त्रशुद्ध!

"तुले माहीत होतं?" त्याने हळूच विचारलं.

"कालपासून."

"मग काऊन नाही सांगितलं?"

"पुरावा शोधाले तुमी घरातला कोपरा न् कोपरा झाडून राहिले होते. लग्नाले एकोणीस वर्षं झाली, पहिल्यांदा झाडू हातात घेतला. म्हटलं, माजघर तरी होऊन जाऊ दे."

साठ माणसं अशी हसली की तलावावर लाटा उठल्या! चैतराम मात्र हसला नाही. त्याने बूच उचललं आणि उदारामच्या पुढे धरलं.

"माझीच चूक. तपास पूर्ण झाला. दुसरा पाणकर पाहा."

उदारामने हात पुढे केला.

"थांब गा!"

ही शांतीबाई. गावाच्या अगदी शेवटच्या टोकाला तिच्या दोन बांध्या.

"चोर पकडला म्हणता, मग चोरी कुठं गेली ते कोणी पाहिलं का? माझ्या बांधीत गेली! नऊ वर्षं झाली, पाणी येते म्हणता म्हणता वरच जिरून जाते. धान निसवायच्या वेळेला माझी बांधी कोरडी, दाणा पोचट. यंदा पहिल्यांदा पाणी पोचलं. मी म्हटलं, देवानं सोडलं. हे तर चैतरामनं सोडलं!" तिने कमरेचा नारळ काढून त्याच्या हातात दिला. "देवाले देणार होती. घे."

"चुकून सोडलं मी, काकू."

"सरळ हातानं तर नऊ वर्षांत नाही सोडलं ना कोणी!"

यावर उदाराम खोकला. पाळ्यांची यादी दरवर्षी तोच करायचा. भूपेंद्रने काठी टाकून पाणी मोजलं. सगळ्यांना अजून एक पाळी पुरेल एवढं होतं. जमुनाबाई म्हणाली, पाळी आता शेवटच्या टोकाकडून सुरू करा. कुणी नाही म्हटलं नाही. वांग्यांचं काय, असं उदारामने विचारलं, तर पोरंबाळं धरून सगळ्यांनी त्याच्या वाडीचं पाणी काढून द्यायचं कबूल केलं.

"बरं," उदाराम शेवटी म्हणाला. "पाणकर चैतरामच. पण पाळीवर बसून मनातल्या मनात वाचणं बंद! वाचायचं तर मोठ्यानं वाच. चार लोकं ऐकतील, तुझं ध्यान राहील."

काय लोकं ही! तपास केला चैतरामने त्यांचा, चिखलात उभं केलं साठ जणांना, आणि मान त्याचाच राखला त्यांनी. बूच त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरलं. डॉक्टर दमयंती राजेंना सत्तावीस भागांत एकदाही कुणी नारळ दिला नव्हता.

शुक्रवारी दुपारी पाळीवर वाचन सुरू झालं. बारा-पंधरा जण होते, पुढे उदाराम. चैतरामने दोनशे बारावं पान उघडलं.

"मधून कायले? पहिल्यापासून वाच."

चैतरामने पहिलं पान उघडलं. "'डॉक्टर दमयंती राजे यांनी हातमोजे चढवले...'"

"कोणत्या राजेंची पोरगी ही?" उदारामने विचारलं.

"लिहिलेलं नाही."

"असं कसं? नवरा काय करते?"

"लग्न नाही झालं काका तिचं."

"सत्तावीस पुस्तकं झाली न् अजून लग्न नाही?" जमुनाबाई हळहळली. "आईबाप आहेत का नाहीत?"

"पुढे तर ऐका, मावशी! 'टेबलावर पडलेल्या इसमाचं वय अंदाजे पन्नास...'"

"शेती किती त्याची?" शांतीबाईने विचारलं. "शेवटच्या टोकाची का वरची? त्यावरून कळते कोणी मारलं ते."

आज दसरा उलटून आठ दिवस झाले. धान भरलाय, शेवटच्या टोकाचाही. श्रोते चाळीसवर गेलेत, कुणी कुणी घरून सतरंजी आणतं. आणि पुस्तक पान तीनवर आहे, कारण डॉक्टर बाईंसाठी जवळच्या सौंदडचं एक स्थळ आलंय आणि ते सांगून पाहिल्याशिवाय मढ्याला हात लावायचा नाही, असं समितीचं ठरलंय.