पातेल्यातला मोबाइल आणि चार्जरवरची बाटली

औषधांच्या कारखान्यात ती सहा वर्षं बाटल्या तपासायच्या कामावर होती, आणि त्या सहा वर्षांत एकही बाटली चुकीच्या खोक्यात गेली नव्हती. खोकल्याची खोकल्याच्या खोक्यात, पोटदुखीची पोटदुखीच्या. कारखान्यात तिला सगळे 'तपासनीस' म्हणायचे. बाळंतपणाच्या रजेवर ती घरी आली, तर ते नावही मागोमाग घरी आलं.

"माझं काही चुकत नाही हो आई," ती सासूबाईंना सांगायची. "फक्त झोप होत नाही."

"तेच तर म्हणते मी," सासूबाई म्हणायच्या. आता 'तेच' म्हणजे नेमकं कुठलं, हे त्यांनी कधी उलगडून सांगितलं नाही. तपासनीसबाईंनी ते मनात टिपून ठेवलं होतं.

ठकी पाच महिन्यांची झाली होती आणि अजून हसत नव्हती. म्हणजे ओठ हलवायची, गालाला खळी पाडायची, पण आवाज काढून हसणं नाही. आल्यागेल्याकडे अशी रोखून बघायची, जणू त्याने अर्जात काहीतरी खोटं भरलंय. बापाने डोक्यावर चादर घेऊन उड्या मारल्या. आजीने मांजराचे आवाज काढले, कुत्र्याचे काढले, शेवटी बिघडलेल्या पंख्याचाही काढला. ठकी ढिम्म. बाप बंदरावर क्रेन चालवायचा. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. दर वेळी निघताना सांगून जायचा, "मी नसताना हसू देऊ नकोस हं तिला."

आणि नेमकी तो परत यायच्या दिवशी, सकाळी साडेदहाला, ठकी हसली. स्वयंपाकघरात आपल्या छोट्या खुर्चीत बसली होती. आईला जोरात शिंक आली आणि ठकीच्या तोंडून "खिक्" असा आवाज निघाला. आईने झडप घालून मोबाइल उचलला, व्हिडिओ सुरू केला आणि एक खोटी शिंक दिली. पुन्हा "खिक्". सापडलं! तिने तो व्हिडिओ नवऱ्याला मुद्दाम पाठवला नाही. संध्याकाळी तो दारात आला की हातात मोबाइल द्यायचा आणि त्याचं तोंड बघत उभं राहायचं, असा बेत होता.

मग तिने रोजच्यासारखं केलं. टेबलावरच्या गरम पाण्याच्या पातेल्यात दुधाची बाटली ठेवली, शेजारच्या बिनतारी चार्जरच्या गोल चकतीवर मोबाइल ठेवला. निदान तसं ती शपथेवर सांगायला तयार होती. "आई, ठकीकडे बघा हो जरा," म्हणून ती गॅलरीत गेली, वाळलेले लंगोट काढले, ओले घातले आणि दहा मिनिटांत परत आली.

चार्जरच्या चकतीवर दुधाची बाटली ऐटीत उभी होती. मोबाइल पातेल्याच्या तळाशी पडून वर बघत होता.

तिने तो बाहेर काढला, हाताला लागेल ते बटण दाबलं. पडदा एकदा उजळला, थरथरला आणि हातातल्या हातात मालवला.

दुसरी कुणी असती तर रडली असती. तपासनीस रडत नाही. निदान लगेच नाही. कारखान्यात गडबड झाली की पहिला नियम एकच असायचा.

"आई, जागच्या हलू नका."

"मी बसलेलीच आहे," ठकीसमोर स्टुलावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"मी गॅलरीत असताना इथं कोण आलं होतं?"

"मी. तूच बोलावलंस."

"आणखी कोण?"

"ठकी होती. पण तिला पट्टा बांधलाय."

म्हणजे संशयित एकच उरला. शिवाय कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. 'हा मोबाइल मी एक दिवस पाण्यात बुडवणार आहे' हे वाक्य सासूबाई रोज म्हणायच्या. काल तर दोनदा म्हणाल्या होत्या.

"बाटली चार्जरवर कुणी ठेवली?"

"मला काय ठाऊक? मी आले तेव्हा तिथंच होती. मला वाटलं, आता दूध विजेवर गरम करायचीही सोय निघाली असेल. विचारलं असतं, तर म्हणाली असतीस, आई, तुम्हाला यातलं कळत नाही."

असं ती आजवर फार तर चारदा म्हणाली होती.

"आणि पातेल्यातला मोबाइल दिसला नाही तुम्हाला?"

"चष्मा बाहेर राहिला होता. आणि मी ठकीकडे बघायचं का पातेल्याकडे? ठकी माझ्याकडे बघून हसत होती. चांगली खदखदून."

इथे मात्र तिची खात्रीच पटली. एक 'खिक्' हाती लागायला पाच महिने गेले, आणि यांच्याकडे बघून खदखदून? चोर पकडला जातो तो असाच, एक थाप जास्त मारून. आणि बाटली चकतीवर ठेवण्यातली अक्कल बघा! बघणाऱ्याला वाटावं, सुनेनेच अदलाबदल केली. किती थंड डोक्याचं काम! पण सासूबाई एका ठिकाणी फसल्या होत्या. बाटली भलत्या जागी ठेवणं हे या सुनेच्या हातून होणंच शक्य नव्हतं. सहा वर्षांचा कारखाना त्याला साक्षी होता.

पण तपास नंतर, आधी जीव वाचवायला हवा. औषधाच्या बाटल्यांत ओल शोषून घेणाऱ्या बारक्या पुड्या असतात, तशा तिने डबाभर साठवल्या होत्या. टॉवेलने मोबाइल पुसून ती पुड्या शोधायला कपाटाकडे गेली. परत येते तर टॉवेल होता, मोबाइल नव्हता.

मोबाइल गॅलरीतल्या दोरीवर होता. दोन लंगोटांच्या मध्ये, दोन चिमट्यांत, चौथ्या मजल्यावरच्या वाऱ्यात झोके घेत.

"आई!"

"ओली वस्तू दोरीवर घालतात," सासूबाई म्हणाल्या. "एवढी शिकलीस, हे शिकवलं नाही कुणी?"

ही दुसरी खेप. बुडून मेला नाही तर पडून मरेल. तिने मोबाइल उतरवला, पुड्यांच्या डब्यात गाडला, झाकण लावलं आणि डबा कडेवर घेतला. दुसऱ्या कडेवर ठकी होतीच.

"किती वेळ ठेवायचा असा?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन दिवस तरी."

"तो तर संध्याकाळी येतोय."

आणि मग तपासनीस रडली. एका कडेवर डबा, एका कडेवर लेक, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. "आई, त्यात ठकीचं हसू आहे हो. पहिलं. मी त्याला पाठवलंसुद्धा नाही. दुसरीकडे कुठेच नाहीये ते."

सासूबाईंनी तिच्या कडेवरून ठकी घेतली, चपला घातल्या, आपल्या बटणांच्या फोनवरून मुलाला 'घरी जाऊ नकोस, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात ये' असं कळवलं आणि म्हणाल्या, "चल."

जिना उतरताना तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. बाई जरा जास्तच मदत करताहेत.

दुकान कपाटाएवढं होतं आणि दुरुस्तीवाली बाई त्या कपाटात घडी घालून ठेवल्यासारखी बसली होती. एका डोळ्याला भिंग. तिने डबा उघडला, पुड्या बाजूला केल्या आणि विचारलं, "पडला कसा?"

"पडला नाही. टाकला."

"कुणी?"

तिने नुसतं सासूबाईंकडे बघितलं.

"बारा वर्षं झाली मला इथं," दुरुस्तीवाली म्हणाली. "आजपर्यंत एकानेही स्वतःच्या हाताने मोबाइल पाण्यात टाकलेला नाही. मूल टाकतं, मांजर टाकतं, सासू टाकते."

"सासू तिसऱ्या नंबरावर का?" सासूबाईंनी विचारलं. त्या खरोखरच दुखावल्या होत्या.

दुरुस्तीवालीने मोबाइल उघडला. तपासनीस काउंटरवर कोपरं टेकून डोळ्यांची पापणी न लववता बघत राहिली. अशा दुकानांत चांगले भाग काढून जुने घालतात, हे तिने ऐकलं होतं.

"स्क्रू आठ होते. इथं सातच दिसताहेत."

"आठवा तुमच्या कोपराखाली आहे ताई. जरा उचला, म्हणजे काम करता येईल."

कुंचल्याने साफसफाई झाली, गरम हवा झाली, नवी बॅटरी बसली. सगळी दुपार त्यात गेली. ठकी आजीच्या खांद्यावर झोपली, उठली, दूध प्यायली. बाहेरून बॅग घेतलेला बाप आला, त्याने लेकीचा मुका घेतला आणि आई व बायको यांच्यामधलं अंतर बघून हळूच विचारलं, "अगं, झालंय काय?"

"तुझ्या आईलाच विचार."

"तुझ्या बायकोला विचार," सासूबाई म्हणाल्या. "चौकशी तिच्याकडे आहे."

तेवढ्यात काउंटरवरचा पडदा उजळला.

चौघांनी माना पुढे केल्या. तिने व्हिडिओ शोधला. होता. पण पंधरा सेकंदांचा असायला हवा होता, तो अकरा मिनिटांचा होता.

ती सावकाश सरळ झाली. चेहऱ्यावर सहा वर्षांचं तेज आलं. "व्हिडिओ बंदच झाला नव्हता," ती म्हणाली. "म्हणजे मोबाइल उचलून पाण्यात टाकणारा हात यात आहे. आता सगळ्यांसमोरच बघू. आई, तुम्ही जरा पुढे या. चष्मा लावा."

सासूबाईंनी चष्मा लावला.

शिंक. "खिक्". बापाने तोंडावर हात धरला. पण तपासनीसबाईंचं लक्ष पुढच्याकडे होतं. ठकी पडद्यावरून बाजूला गेली, छत आलं, पंखा आला, मग एक हनुवटी आली. हनुवटी चांगली ओळखीची होती. "थांब हं राजा, दूध कोमट करू," असं ती हनुवटी म्हणाली. मग पातेल्याची कड आली.

डुबुक्.

चित्र हिरवट झालं. पाण्याखालून, लांबून, तोच आवाज आला: "आणि हा मोबाइल चार्जिंगला." टक्. बाटली चकतीवर ठेवल्याचा आवाज. मग, "आई, ठकीकडे बघा हो जरा."

दुरुस्तीवालीने भिंग डोळ्यावरून काढून पुसायला घेतलं. ते स्वच्छ होतं.

आणि मग पाण्याखालून हसू आलं. खिक् नव्हे. खदखदा, खळखळून, मधेच उचकी लागून पुन्हा सुरू होणारं हसू. हसण्याच्या मधून आजीचा आवाज आला, "कोण हसतंय? माझ्याकडे बघून हसतेस?" मग थोड्या वेळाने, हलक्या आवाजात, "तुझी आई गुणाची आहे गं ठके. झोप नाही मिळत तिला, तेवढंच. आज दुपारी तुला मी घेऊन बसते, तिला निजू देऊ. सांगायचं नाही हं तिला, नको म्हणेल."

दुपार केव्हाच संपली होती. ती दुपार चौकशीत गेली होती.

तपासनीसबाईंना कुठे बघावं कळेना. आठव्या स्क्रूकडे बघावं, तर तोही आपल्या जागी बसला होता. "आई," ती कशीबशी म्हणाली, "सहा वर्षांत एकही बाटली..."

"बाटलीचं बरोबरच आहे," सासूबाई म्हणाल्या. "बाटली सुखरूप होती." आणि त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, ठकीच्या पाठीवरून फिरवत होत्या तसाच.

नवरा मात्र व्हिडिओ तिसऱ्यांदा बघत होता. डोळे पुसून त्याने मान वर केली. "म्हणजे ती शिंकेला हसली, पण नुसतं खिक्. खरं हसली ती डुबुक् झाल्यावर."

"माझ्याकडे बघून हसली," सासूबाई म्हणाल्या, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

घरी आल्यावर नवऱ्याने ठकीला खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. पातेल्यात चमचा टाकून बघितला. ठकी ढिम्म. साबणाची वडी टाकली. ठकीने त्याच्याकडे अर्ज तपासावा तसं बघितलं. त्याचा हात हळूहळू स्वतःच्या खिशाकडे गेला.

सासूबाईंनी मुकाट्याने पातेलं उचललं आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवून दिलं. तपासनीसबाईंना यातलं काही दिसलं नाही. त्या टेबलावर डोकं टेकून झोपल्या होत्या, आणि दुधाची बाटली त्यांच्या हातात घट्ट होती, कानाला लावलेली.