चारशे बारा कंपन्यांची मिस ओरिस

कंपनीला जगायला अन्न, वस्त्र, निवारा यांतलं काहीच लागत नाही, पत्ता लागतो. केमन बेटावर जॉर्ज टाउनमधल्या एका दुमजली इमारतीत अशा चारशे बारा कंपन्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या. (भांडण नाही, आवाज नाही, संडासापुढे रांग नाही.) त्यांच्या पितळी पाट्या मिस ओरिस रँकिन बावीस वर्षं एकटी घासत होती.

मग परदेशातल्या शहाण्यांनी सुधारणा आणली. कर वाचवायला बेटावर आलेली कंपनी बेटावर खरोखर असली पाहिजे, म्हणजे एक खुर्ची, एक माणूस आणि त्या माणसाने स्वतः केलेला विचार. सुधारणा फारच उदात्त. स्थानिकांना नोकऱ्या मिळणार होत्या आणि मिळाल्याही. एकट्या ओरिसलाच चारशे बारा मिळाल्या. दर कंपनीच्या वाट्याला रोज एक मिनिट विचार येई. (उरलेली अडुसष्ट मिनिटं जेवणाची.)

तिने काम मनावर घेतलं. आगबोटींच्या कंपनीच्या मिनिटात ती न पाहिलेल्या बोटींची मनापासून काळजी करी. शिवाय नव्या हुद्द्याबरोबर विमा आला होता, आणि विम्यावर नवऱ्याचं, विन्स्टनचं, इन्सुलिन.

तपासणीच्या दिवशी व्यवस्थापक टॅटमसाहेब सकाळपासून घामाघूम. "मिस ओरिस, साहेब विचारतील त्याचं नीट उत्तर द्या हं. नापास झालो तर कंपन्या जातील, आणि त्यांच्यामागून आपण दोघं."

"देते की! मला काय तोंड नाही?"

तपासनीस आला तो थेट टेबलाशी. "आगबोटींच्या कंपनीचा कारभार कोण बघतं?"

ओरिस खिडकीबाहेर बघत राहिली. बेटावरची रीतच आहे, आत येणाऱ्याने आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. न म्हणणारा आलेलाच नसतो. आणि न आलेल्या माणसाशी बोलायला ती काही वेडी नव्हती.

त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं.

टॅटमसाहेब तिच्या कानाशी लागले. "अहो बाई, बोला ना! इन्सुलिन आठवा!"

ओरिसने मान न वळवता सांगितलं, "आठवतंय हो. पण मला आईने वळण लावलंय. आधी त्याला बोलू द्या."

तो बोलला नाही, त्याने लिहिलं: 'खुर्च्या चारशे बारा. माणूस आढळला नाही.'

कंपन्या त्याच दुपारी शेजारच्या बेटावर गेल्या. (सामान काहीच नव्हतं.) वर्षअखेरच्या अहवालात सुधारणेचं यश नोंदलं आहे: बेटावरच्या खोट्या कंपन्या चारशे बारांनी घटल्या, खऱ्या नोकऱ्या फक्त दोनांनी. ओरिस आता धक्क्यावर मासळी साफ करते. विन्स्टनची सुई ती स्वतःच्या पैशाने आणते, आणि रोज तिला रडू येतं.

वाचकहो, तुम्हाला या करबुडव्या कंपन्यांची चीड आली असेल. यायलाच हवी. फक्त मार्च जवळ आलाय. आपल्याच घरात राहून कर वाचवायला आईच्या नावाने घरभाड्याची पावती कराल, तेव्हा सहीसाठी कागद नुसता पुढे सरकवू नका. आधी विचारा, "आई, बरी आहेस ना?"